किती आणे दुखतंय?

मान सारखी, ओझे सारखे. तरी मानेतून उठणारी डोकेदुखी प्रत्येकाची वेगळी असते. ती वेगळी का, हे कळले तर उपचारही बदलतात.

दशमान नाणी १९५७ साली आली आणि आणे हिशेबातून गेले. दवाखान्यातून मात्र ते अजून हटलेले नाहीत. 'बारा आणे फरक हाय, चार आणे राहिलंय' असे भोर-वेल्ह्याकडच्या रुग्णाने सांगितले की डॉक्टरांना ते बरोबर कळते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हाच प्रश्न 'शून्य ते दहा यांपैकी किती?' असा विचारतात. मोजपट्टी कोणतीही घ्या, मोजणारा एकच असतो, तो म्हणजे ज्याला दुखते तो. रक्तदाब यंत्रावर दिसतो, साखर रक्तातून कळते. वेदना बाहेरून मोजून देणारे यंत्र दवाखान्यात नाही.

हे सगळ्याच दुखण्यांना लागू आहे, पण मानेमुळे होणाऱ्या डोकेदुखीत ते फार ठळकपणे दिसते. इथे दुखते एका ठिकाणी, बिघाड असतो दुसऱ्या ठिकाणी आणि तपासणीत हाती लागते ते बऱ्याचदा तिसरेच. त्यामुळे ज्याचे दुखते त्याच्यावर विश्वास न बसण्याची वेळ या आजारात वारंवार येते.

समजा, तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत दोन जावा राहतात. दोघी एकाच विहिरीचे पाणी आणतात, एकाच खाचरात लावणी करतात, एकाच रानातून सरपणाची मोळी आणतात. थोरलीची मान संध्याकाळी थोडी अवघडते, एवढेच. धाकटीचे मात्र उजव्या बाजूला मानेच्या मुळापासून उठते, डोक्यामागून चढत डोळ्यापर्यंत येते आणि दोन-तीन दिवस उतरत नाही. घरात लगेच तुलना होते. 'तिला नाही होत, मग हिलाच कसं होतं?' यापुढचा अर्थ कोणी बोलून दाखवत नाही, पण धाकटीला तो कळतो : हिला काम नको आहे. आता दोघींच्या मानेचा एक्स-रे काढला आणि त्यात थोरलीच्या मणक्यांची झीज जास्त निघाली, तर? असे होऊ शकते. त्यात खोटेपणा कोणाचाच नसतो.

ओझे खरे, पण तेवढेच कारण नाही

भोर आणि राजगड (पूर्वीचे वेल्हे) हे सह्याद्रीच्या कुशीतले तालुके. डोंगरउतारावरची भातखाचरे, चढावरच्या वाड्या, पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. रोपांच्या मुठी, कापलेल्या भाताचे भारे, मोळी, हंडा-कळशी अशा कितीतरी गोष्टींची वाहतूक डोक्यावरूनच होते. चुंबळ ठेवली की टाळूला बोचत नाही, पण मानेच्या मणक्यांवरचे वजन तेवढेच राहते. पंधरा लिटरचा हंडा भरला तर नुसते पाणीच १५ किलो होते. लावणीत ताण वेगळा असतो : कंबरेत वाकायचे, मान पुढे ताणायची आणि तासन्‌तास तसेच मागे सरकत राहायचे. पुण्याकडे किंवा खेड-शिवापूरकडे दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या तरुणांची मान हेल्मेट, खड्डे आणि मोबाइल यांच्या तावडीत असते.

डोक्यावरच्या ओझ्याची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलेला. पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरी भागातून मुंबईच्या बाजारपेठांत गेलेल्या हमालांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. घरच्या पाण्यासाठी, घरच्या सरपणासाठी बाई जे वाहते त्याला मात्र ना मर्यादा, ना नोंद.

ओझ्याचा परिणाम हाडांवर होतो याचा पुरावा आहे. सिएरा लिओनमध्ये डोक्यावर ओझे वाहणाऱ्या ३५ जणांच्या मानेची तुलना ओझे न वाहणाऱ्या ३५ जणांशी करण्यात आली. तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ओझे वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसली. दुसऱ्या गटात ती चौघांपैकी एकातही नव्हती. म्हणजे ओझ्याला निर्दोष सोडता येणार नाही.

पण झीज आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधे व स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. शंभरातल्या साधारण १८ प्रौढांना असे दुखणे होते. हा आकडा मोठाच आहे. तरीही त्याच गावात राहणाऱ्या, बऱ्याच अंशी तशीच कामे करणाऱ्या उरलेल्या ८२ जणांना ते नव्हते. या १८ आणि ८२ मधला फरक केवळ ओझ्याने समजावता येत नाही.

मानेचे दुखणे कपाळावर कसे पोचते?

मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीला डॉक्टर सर्व्हिकोजेनिक हेडेक म्हणतात. १९८३ मध्ये नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार शोस्टाड यांनी ही वेगळी डोकेदुखी म्हणून मांडली. पुढे त्यांनी नॉर्वेच्याच वोगो या डोंगराळ भागातल्या १,८३८ प्रौढांना तपासले, तेव्हा शंभरातल्या सुमारे चौघांमध्ये तिची लक्षणे आढळली. इतर पाहण्यांत हे प्रमाण बरेच कमीही आले आहे, कारण निदानाचे निकष बदलले की आकडा बदलतो.

तिचा मार्ग समजायला भोरचाच भूगोल उपयोगी पडतो. वेळवंडीचे पाणी भाटघर धरणातून सुटून पुढे नीरेला मिळते. संगमाच्या खाली उभे राहून ओंजळीत पाणी घेतले, तर त्यातले वेळवंडीचे कोणते आणि नीरेचे कोणते, हे सांगता येईल का? आपल्या मानेच्या वरच्या टोकाला असाच एक संगम आहे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा आणि कपाळ, डोळा, गाल यांची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस, या दोन्हींचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच केंद्रात येतात. तिथून पुढे मेंदूला नेमके उगमस्थान कळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्याने केलेली तक्रार म्हणूनच 'डोळ्यामागे दुखतंय' अशी उमटते.

या डोकेदुखीच्या काही खुणा आहेत. सुरुवात बहुधा मानेतून किंवा डोक्याच्या मागून होते. बाजू सहसा ठरलेली असते. आज उजवी, उद्या डावी असे होत नाही. मान वळवली किंवा बराच वेळ एका स्थितीत ठेवली की वाढते आणि मानेची हालचाल कमी झालेली असते. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, वेगळी. तिच्यात मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते. घोटाळा असा की अर्धशिशीच्या अनेक रुग्णांचीही मान दुखते. त्यामुळे 'मान दुखते म्हणजे मानेमुळेच डोके दुखते' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. शेजारच्या कर्नाटकातल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात एकदा तरी डोके दुखलेले लोक शंभरात ६४ होते आणि अर्धशिशीचे २५. आपल्याकडे 'मानेचं डोकं' समजले जाणारे बरेचसे रुग्ण प्रत्यक्षात अर्धशिशीचे असू शकतात.

फोटोत दिसते ते आणि दुखते ते

'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य ऐकून खचलेली माणसे गावोगाव भेटतात. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ धडधाकट लोकांचे एमआरआय काढण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्यापैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती फुगलेली आढळली. त्यात विशीतले तरुणही होते. दुखत काहीच नव्हते.

म्हणजे फोटोत झीज दिसली म्हणून दुखणारच असे नाही, आणि फोटो स्वच्छ आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. एमआरआय निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. गाठ, जंतुसंसर्ग, मज्जारज्जूवरचा दाब शोधायला तो लागतोच. पण किती दुखते, हे फोटोवरून ठरवता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून पुण्याला जायचे, हजारो रुपये भरायचे आणि 'तुमच्या फोटोत काही नाही, मनाचं आहे' हे ऐकून परतायचे, असे ज्यांच्या वाट्याला येते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पाटाचे दार

मग फरक पडतो कुठे? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की वेदनेचा संदेश शरीरातून मेंदूपर्यंत सरळ धावत जात नाही. मज्जारज्जूत त्याच्या वाटेवर जणू एक दार असते. पाटाचे दार कमी-जास्त उघडून शेतकरी वाफ्यात पाणी सोडतो, तसे मेंदूकडून येणारे आदेश हे दार उघडतात किंवा मिटवतात. तपशील पुढे बरेच सुधारले गेले, पण मूळ कल्पना टिकली.

२००३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॉगहिल यांच्या चमूने १७ निरोगी माणसांच्या पायाला ४९ अंश सेल्सियसचा चटका देऊन त्याच वेळी मेंदूचे चित्रण केले. चटका सगळ्यांना सारखा. 'दहापैकी किती दुखले?' या प्रश्नाची उत्तरे मात्र एकपासून जवळजवळ नऊपर्यंत पसरली. ज्यांनी जास्त सांगितले त्यांच्या मेंदूचे वेदना जाणणारे वरचे भाग खरोखरच जास्त सक्रिय झालेले दिसले. खालच्या टप्प्यावर, थॅलॅमसमध्ये, मात्र खास फरक नव्हता. निरोप सर्वांकडे सारखाच पोचला होता. पुढे त्याचे काय झाले ते वेगळे होते. 'जास्त दुखतंय' म्हणणारा माणूस नाटक करत नव्हता.

हा फरक काही अंशी जन्मजात असतो. उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांत वेदना अजिबात न जाणवणारी मुले आढळली. एका जनुकातल्या बदलाने वेदनावाहक नसांचे काम थांबले होते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. त्यातला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून दाखवायचा. तो छपरावरून उडी मारून लहान वयातच गेला. वेदना नसणे हे वरदान नाही, हे त्या कुटुंबांना ठाऊक आहे. बहुतेक लोकांत जनुकांचा वाटा इतका टोकाचा नसतो. झोप, चिंता, मासिक पाळीतले बदल, आधीची दुखापत, रोजच्या कामावर आपला किती ताबा आहे, अशा अनेक गोष्टी त्यात मिसळतात. दोन रात्री नीट झोप झाली नाही की तीच कळ अधिक तीव्र वाटते. तान्हे मूल घेऊन रात्र जागणारी धाकटी आणि मुले मोठी झालेली थोरली, यांच्यातला एक फरक इथेही असू शकतो. सासूबाईंच्या नजरेला पडायचा तो हाच, पण पडत नाही.

बराच काळ दुखत राहिले तर मज्जासंस्था हळवी होते. मग मानेची हलकी हालचालही दुखते आणि दुखऱ्या जागेपासून दूर, हातावर किंवा पायावर दाबले तरी नेहमीपेक्षा लवकर दुखते. मानेच्या डोकेदुखीच्या काही रुग्णांत हळवेपणा मानेपुरता असतो, काहींत तो असा अंगभर पसरतो. दोघांचे निदान एकच, पण उपचाराची गरज सारखी नाही. पहिल्याला सांध्यावरचे आणि स्नायूंवरचे काम पुरेल. दुसऱ्याला झोप, चिंता, हळूहळू वाढवलेली हालचाल यांच्याकडेही बघावे लागेल.

शब्द नीट ऐकावेत

मेलझॅक यांनी १९७५ मध्ये रुग्ण वेदनेसाठी वापरतात ते इंग्रजी शब्द गोळा करून त्यांची प्रश्नावली बनवली. मराठी रुग्णाला अशी यादी हाती द्यावी लागत नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, टोचणी, रग, जडपणा, कानशिले उडणे असे शब्द तो स्वतःहूनच वापरतो, आणि प्रत्येकाचा रोख वेगळा असतो. 'मागनं चढत येतंय' हे मानेकडे बोट दाखवते. 'ठणठण उडतंय, उलटी होईलसं वाटतंय' हे अर्धशिशीकडे झुकते. 'विजेसारखी सणक जाते' म्हटले की नसेचा विचार करावा लागतो. 'डोक्याला पट्टा आवळलाय' हे ताणाच्या डोकेदुखीचे वर्णन. शब्दावरून पक्के निदान होत नाही, पण तपासणी कुठून सुरू करायची हे कळते. रुग्णाला दोन मिनिटे त्याच्या भाषेत बोलू दिले, तर तेवढ्यात बरेच काही हाती येते.

गोळीचा फास

'डोकं चढलं की गोळी' हा सोपा मार्ग. किराणा दुकानातही मिळते, कामाचा दिवस बुडत नाही. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. शिवाय वेदनाशामकांचा जठरावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो तो वेगळाच. दिवसभर उन्हात राबणाऱ्या आणि पुरेसे पाणी न पिणाऱ्या माणसाला हा धोका अधिक.

उपाय कोणते?

मानेच्या डोकेदुखीवर सर्वांत भरवशाचा उपाय फिजिओथेरपीचा आहे. ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलिन जुल यांनी २०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत सहा आठवडे प्रशिक्षित हातांनी केलेले सांध्यांचे उपचार, मानेचे विशिष्ट व्यायाम, किंवा दोन्ही दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तिन्ही गटांत डोकेदुखी घटली आणि वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. गुण कोणाला येईल हे वयावरून किंवा दुखणे किती तीव्र आहे यावरून आधी सांगता मात्र आले नाही. म्हणून 'आता वय झालं' किंवा 'फार जुनं आहे' असे म्हणून कोणी उपचार सोडू नयेत.

व्यायामही मोठे नाहीत. उताणे झोपून, 'हो' म्हणताना हलवतो तशी हनुवटी किंचित आत घ्यायची, काही सेकंद धरायची, सोडायची. मानेच्या आतल्या स्नायूंची ताकद यातून वाढते. एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे आणि मग रोज घरी करावे. मान जोराने मोडून घेणे, केस कापताना कडकन वळवून घेणे टाळावे. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

ओझे लगेच सुटणार नाही, पण वाटता येते. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान खेपा, लावणीत अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे सरळ उभे राहणे, ढकलत नेता येणारा पाण्याचा पिंप, आणि घरातल्या पुरुषांनी उचललेल्या चार कळशा. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे आहे. पाच जणांच्या घराला ते २७५ लिटर, म्हणजे २७५ किलो होते. नळ कोरडा राहिला तर त्यातले जमेल तेवढे कोणाच्या तरी मानेवरून येते. अशा वाडीत नळाला पाणी येणे हाही मानेवरचाच उपचार आहे.

इथे थांबू नये

अचानक, काही क्षणांत टोकाला पोचलेली डोकेदुखी. ताप आणि मान ताठ होणे. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे. डोक्याला किंवा मानेला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे. चालताना तोल जाणे किंवा हातातल्या वस्तू पडू लागणे. यांपैकी काहीही असेल तर मालीश, शेक, गोळी यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांसाठी एक बिनखर्चाचे काम आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिनाभर खुणा करा : कोणत्या दिवशी डोके दुखले, किती आणे, कोणत्या बाजूने, किती गोळ्या घेतल्या, आदल्या रात्री झोप झाली का, त्या दिवशी काय उचलले. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्या. महिना संपल्यावर ते पान डॉक्टरांना दाखवा. फोटोत न दिसणारे बरेच काही त्या पानावर दिसेल, आणि घरातल्यांनाही ते वाचता येईल.